पडद्यापलीकडे कोण आहे?

मुलं आणि सोशल मीडिया हा विषय निघाला की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एकाला वाटतं, फोन काढूनच घ्यावा. दुसरा म्हणतो, जग पुढे चाललंय, आपलं मूल मागे का ठेवायचं? वाद रंगतो, पण ही यंत्रणा मुळात चालते कशी याची चौकशी फारशी कुणी करत नाही. ती केली, तर मुलांच्या फायद्याचं काय आणि जपायचं कुठे, हे ठरवणं बरंच सोपं जातं. म्हणून आधी यंत्रणा समजून घेऊ, मग फायदे पाहू आणि शेवटी घरात काय करता येईल त्याकडे वळू.

एक भेद सुरुवातीलाच लक्षात ठेवू. सोशल मीडियाच्या नावाखाली दोन निराळी कामं चालतात. पहिलं जोडण्याचं: मामेभावाला फोटो पाठवणं, वर्गाच्या ग्रुपवर शंका विचारणं, आजीला व्हिडिओ कॉल लावणं. दुसरं दाखवण्याचं: अंगठा वर सरकवला की एकामागून एक येणारे रील, जाहिराती, अनोळखी लोकांचे व्हिडिओ. ही दोन्ही कामं अनेकदा एकाच ॲपमध्ये शेजारी शेजारी असतात, म्हणून ती एकच वाटतात. मुलांना होणारे बहुतेक फायदे पहिल्या कामातून येतात, असं माझं म्हणणं आहे. ते कितपत खरं, हे पुढे कळेलच.

ओळखीचं जाळं

जोडण्याचं काम माणसांच्या ओळखींवर चालतं आणि ओळखींचं गणित इंटरनेटपेक्षा जुनं आहे. १९६७मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. देशाच्या मध्यभागातल्या काही लोकांना त्यांनी एकेक पाकीट दिलं. ते दूर मॅसॅच्युसेट्समधल्या एका अनोळखी व्यक्तीपर्यंत पोहोचवायचं होतं, पण थेट नाही. ज्याच्यामार्फत ते पुढे सरकेल असं वाटतं, अशा आपल्या एका परिचिताच्या हाती द्यायचं. पुष्कळ पाकिटं वाटेत अडकली. जी पोहोचली, त्यांना मध्ये सरासरी पाच-सहाच हात लागले. २०१६मध्ये फेसबुकने आपल्या १५९ कोटी सदस्यांवर हाच हिशेब मांडला, तेव्हा कोणत्याही दोन सदस्यांच्या मध्ये सरासरी साडेतीनच माणसं निघाली.

हे कसं होतं? तुमच्या मुलीचे समजा शंभर परिचित आहेत. त्यांतले बरेच एकमेकांनाही ओळखतात: शाळा तीच, गल्ली तीच. त्यांच्याकडून येणारी बातमी मुलीला बहुधा आधीच ठाऊक असते. पण एखादी मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे नागपूरला गेली, की तिच्यामागे एक नवा वर्ग, नवी शाळा, नवं शहर जोडलं जातं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये हेच दाखवून दिलं: नवी माहिती आणि नव्या संधी आपल्याकडे बहुधा जिवलगांकडून येत नाहीत, थोड्याशा ओळखीच्या माणसांकडून येतात. पूर्वी अशा ओळखी बदली, लग्न, स्थलांतर यांत गळून पडत. आता मैत्रीण बदलीच्या गावी गेली तरी तिचा नंबर फोनमध्ये राहतो, आणि जोवर तो राहतो तोवर ओळखही चालू राहू शकते.

‘तुमच्या ओळखीचे असू शकतील’ म्हणून फेसबुक जी नावं सुचवतं, त्यामागेही हाच हिशेब आहे. तुमच्या दोन मित्रांचा जो तिसरा मित्र असतो, तो तुमच्याही परिचयाचा असण्याचा संभव जास्त. यंत्र अशा सामाईक मित्रांची संख्या, शाळा, गाव, फोनमधले क्रमांक यांवरून अंदाज बांधतं. पण तो अंदाजच असतो. सुचवलेलं माणूस खरं आहे की खोटं, हे यंत्र तपासून देत नाही. हा मुद्दा मुलांच्या बाबतीत पुन्हा येईल.

संदेश जातो कसा

आता एक संदेश हातात घेऊ. समजा साताऱ्यातल्या सातवीतल्या एका मुलीने वॉट्सॲपवर पुण्यातल्या मावसबहिणीला लिहिलं, “तुमच्याकडे अपूर्णांक झाले का?”

‘पाठवा’वर बोट ठेवताच तिच्याच फोनमध्ये या ओळीचं रूपांतर अर्थहीन अक्षरांच्या रांगेत होतं. याला टोकापासून टोकापर्यंतचं एन्क्रिप्शन म्हणतात. वॉट्सॲपने ते एप्रिल २०१६मध्ये सगळ्यांसाठी लागू केलं. ढोबळपणे ते असं चालतं: मावसबहिणीच्या फोनने उघडी कुलपं आधीच जगाला वाटून ठेवली आहेत, किल्ली मात्र स्वतःपाशीच ठेवली आहे. साताऱ्याचा फोन त्यांतलं एक कुलूप घेतो, निरोपाच्या पेटीला लावतो आणि पेटी रवाना करतो. मधला कुणीही, अगदी कंपनीचा सर्व्हरसुद्धा, ती उघडू शकत नाही.

पेटी सर्व्हरवर पोहोचली की एक टिक दिसते. पुण्याचा फोन बंद असेल, तर सर्व्हर ती जास्तीत जास्त तीस दिवस सांभाळतो. फोन सुरू झाला की पेटी पोहोचते, दुसरी टिक येते आणि सर्व्हरवरची प्रत पुसली जाते. पुढे मजकूर उघडला की टिका निळ्या होतात. अर्थात समोरच्याने ती सोय बंद केली नसेल तर. हे सारं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं.

ग्रुपमध्ये काम थोडं वाढतं. वर्गाच्या ग्रुपवर चाळीस जण असतील, तर एकच निरोप चाळीस वेळा बंद करणं खर्चाचं. म्हणून ग्रुपवर लिहिणाऱ्याचा फोन आपली एक वेगळी किल्ली बनवतो आणि ती प्रत्येक सभासदाला आधी एकेकट्याने, बंदिस्त स्वरूपात पाठवतो. त्यानंतरचा प्रत्येक निरोप एकदाच बंद होतो आणि सर्व्हर त्याच्या प्रती सगळ्यांना वाटतो. कुणी ग्रुप सोडला की किल्ल्या बदलतात, म्हणजे गेलेल्याला पुढचं वाचता येत नाही. ग्रुपमध्ये दुसरी टिक तेव्हाच उमटते, जेव्हा संदेश प्रत्येकाच्या फोनवर पोहोचलेला असतो. चाळिसातला एक फोन चार्जिंगअभावी बंद असला, तरी ती टिक अडून राहते. ‘बाईंपर्यंत निरोप पोहोचलाच नाही’ असं मुलाने रुसून म्हटलं, तर हे त्याला समजावून सांगण्याजोगं आहे.

इथे दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, वाटेत निरोप सुरक्षित असतो. दोन, ही सुरक्षा पेटी उघडेपर्यंतचीच. पलीकडच्याने स्क्रीनशॉट काढला, पुढे ढकलला, तर कुलूप काही करू शकत नाही. म्हणजे तंत्राने वाट सांभाळली, पण पलीकडे कोण आहे याची चौकशी आपल्याकडेच राहिली.

ती चौकशी सुटली तर काय होतं, याचं अत्यंत दुःखद उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. अशी टोळी फिरत असल्याच्या अफवा फोनवरून फोनवर फिरत होत्या. त्याच महिन्यात वॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंदी आणायला सुरुवात केली. पुढे ही मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२०पासून अनेकदा फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो आणि त्यावर दुहेरी बाण दिसतो. मुलाला हा दुहेरी बाण ओळखायला शिकवा. त्याचा सरळ अर्थ असा, की हे ज्याने पाठवलं त्याने ते लिहिलेलं नाही, आणि ज्याने लिहिलं तो कोण, हे पाठवणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नाही.

दाखवण्याचं काम

आता दुसरं काम. फेसबुकने न्यूज फीड आणली सप्टेंबर २००६मध्ये. तोवर मित्राचं काय चाललंय हे बघायला त्याच्या पानावर जावं लागे. आता सगळं एकाच ठिकाणी समोर येऊ लागलं. पण सगळंच दाखवायला जागा नसते, म्हणून निवड आली. पुढे यूट्यूबने २०१२मध्ये किती जणांनी पाहिलं यापेक्षा किती वेळ पाहिलं याला जास्त वजन दिलं. इन्स्टाग्रामने २०१६मध्ये काळाच्या क्रमाने दाखवणं सोडलं.

ही निवड आज साधारण अशी होते. तुम्ही ॲप उघडलं की यंत्र दाखवता येण्याजोग्या शेकडो गोष्टी गोळा करतं. प्रत्येकीबद्दल अंदाज बांधतं: ही शेवटपर्यंत बघितली जाईल का, लाइक मिळेल का, कुणाला पाठवली जाईल का, की झटकन वर सरकवली जाईल? या अंदाजांना गुण मिळतात, गुणांनुसार क्रम लागतो. अंदाज कशावरून? याआधी अंगठा कुठे थांबला होता, त्यावरून. एखाद्या मुलाने फटाक्यांच्या व्हिडिओवर दहा सेकंद जास्त काढली, तर पुढचे तीन फटाक्यांचे येतील. त्याला ते आवडलं, की तो घाबरून बघत राहिला, हे यंत्राला कळत नाही. त्याला कळतं ते थांबणं.

या मांडणीतून एखादा चांगला व्हिडिओ मुलापर्यंत येतही असेल. पण तो मुलासाठी निवडणारं माणूस पलीकडे कुणी नसतं. मोजमाप वेळेचं असतं, मुलाच्या वाढीचं नव्हे. म्हणून फायद्याचा शोध घ्यायचा तर पुन्हा पहिल्या कामाकडे, जोडण्याकडे, वळावं लागतं.

मुलांना काय मिळतं

सगळ्यात पहिला लाभ घरचाच. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुलं आईबापांबरोबर फडावर जातात, काही आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. या महिन्यांत आईचा आवाज ऐकायला मिळणं ही मुलासाठी लहान गोष्ट नाही. वॉट्सॲपवर आवाजी संदेश आले २०१३मध्ये आणि व्हिडिओ कॉल २०१६मध्ये. आवाजी संदेशाचा विशेष असा, की पाठवणाऱ्याला लिहिता यावं लागत नाही, ऐकणाऱ्याला वाचता यावं लागत नाही आणि दोघांना एकाच वेळी मोकळं असण्याची गरजही नसते. आईने फडावरून रात्री बोलून ठेवलं, मुलाने सकाळी शाळेआधी ऐकलं. अमेरिकेतल्या नातवाशी मराठीत बोलणाऱ्या पुण्यातल्या आजीलाही हीच सोय कामी येते: दिवसरात्रीचा फरक आड येत नाही आणि नातवाच्या कानावर मराठी पडत राहते.

दुसरा लाभ वर्गाचा. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडसाठी त्यांचं नाव झालं. त्यांचा दुसरा एक उपक्रम आपल्या विषयाच्या जास्त जवळचा आहे. ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ या उपक्रमात भारत आणि पाकिस्तान, इस्राएल आणि पॅलेस्टाइन अशा तणावग्रस्त प्रदेशांतल्या विद्यार्थ्यांची जोडी लावली जाते आणि सहा आठवडे ते एकमेकांशी बोलतात, मिळून काम करतात. इथे जोडणीची रचना नीट पाहा: पलीकडचं मूल कोण हे शिक्षकांना माहीत आहे, मुदत ठरलेली आहे, हातात काम आहे.

जगभरातल्या शाळांत खेळला जाणारा एक सोपा खेळही याच जातीचा. ‘मिस्टरी स्काइप’ या नावाने तो लोकप्रिय झाला. स्काइप २०२५मध्ये बंद झालं तरी कोणत्याही व्हिडिओ कॉलवर तो खेळता येतो. दोन शाळांचे शिक्षक आधी बोलून वेळ ठरवतात. मुलांना समोरचा वर्ग कुठला हे सांगत नाहीत. मग दोन्ही वर्ग आळीपाळीने प्रश्न विचारतात, उत्तर फक्त हो किंवा नाही. तुमच्याकडे समुद्र आहे का? तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात का? काही मुलं प्रश्न तयार करतात, काही नकाशावर खुणा करतात, काही उत्तरं टिपून ठेवतात. रत्नागिरीच्या वर्गाने चंद्रपूरच्या वर्गाबरोबर हा खेळ खेळला, तर एका तासात भूगोल, तर्क आणि अनोळखी मुलांशी बोलण्याची भीड मोडणं, तिन्ही साधतात. त्याला दोन फोन आणि दोन उत्साही शिक्षक पुरेत.

तिसरा लाभ अशा मुलांचा, ज्यांच्यासारखं गावात दुसरं कुणी नसतं. कर्णबधिर मुलाची भाषा हातांची आणि चेहऱ्याची. साध्या फोनवर ती पाठवता येत नव्हती. व्हिडिओ कॉलने प्रथमच या मुलाला दूरच्या मित्राशी स्वतःच्या भाषेत बोलता आलं. दिल्लीत २०१५मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१मध्ये दहा हजार संज्ञांचा शब्दकोश आणला. खूण ही हालचालीतून कळते, म्हणून असा कोश व्हिडिओतच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो आणि तो खेड्यातल्या पालकांच्या फोनवरही उघडतो. मुलाशी बोलता यावं म्हणून आईबापही त्यावरून खुणा शिकू शकतात.

चौथा लाभ निर्मितीचा, आणि यासाठी मुलांकरता मुद्दाम घडवलेली जागा आहे. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने २००७मध्ये ‘स्क्रॅच’ खुलं केलं. प्रामुख्याने आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी. रंगीत ठोकळे जोडून मूल गोष्ट, खेळ किंवा कोडं तयार करतं आणि इतर मुलांसाठी मांडतं. दुसरं मूल ते उघडून आत ठोकळे कसे लावलेत ते पाहतं, त्यात बदल करून स्वतःची आवृत्ती काढतं. मूळ कर्त्याचं नाव त्यावर आपोआप येतं. खरं नाव वापरू नये असा सल्ला दिला जातो. खासगी संदेशाची सोयच नाही, सगळं बोलणं उघड्यावर होतं आणि त्यावर देखरेख करणारी माणसं असतात. सोशल मीडिया मुलांना डोळ्यापुढे ठेवून बांधला तर कसा दिसेल, याचा हा नमुना.

या लाभांची मुलांच्या तोंडून साक्ष हवी असेल, तर अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२२मध्ये १३ ते १७ वयाच्या मुलांना विचारलं होतं. सोशल मीडियामुळे मित्रांच्या आयुष्यात काय चाललंय याच्याशी आपण जोडलेले राहतो, असं ८० टक्के मुलांनी सांगितलं. अडचणीच्या काळात आधार देणारी माणसं आहेत असं त्यामुळे वाटतं, असं म्हणणारे ६७ टक्के. आणि तिथल्या भांडणतंट्यांनी गुदमरायला होतं असं म्हणणारेही ३८ टक्के होते. मुलांना दोन्ही बाजू कळतात. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी मे २०२३मध्ये काढलेल्या सल्लापत्रातही मैत्री आणि आधाराचे लाभ नोंदवले आहेत. त्याबरोबरच, दिवसाला तीन तासांहून अधिक वेळ घालवणाऱ्या किशोरांमध्ये नैराश्य व चिंतेच्या लक्षणांची जोखीम दुप्पट आढळल्याचंही त्यात आहे.

वय, कायदा आणि सेटिंग

बहुतेक ॲपची किमान वयोमर्यादा १३ आहे. तेराव्या वर्षी मूल समंजस होतं असं कुणी सिद्ध केलं म्हणून हा आकडा आलेला नाही. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू नये, असा अमेरिकेचा १९९८चा कायदा आहे. कंपन्यांनी तीच रेघ उचलली. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५पासून ती सोळावर नेली. भारताच्या २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे, त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

कायदा येईल तेव्हा येईल, काही कळा आजच फिरवता येतात. वॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ‘ग्रुप’ या पर्यायात ‘माझे संपर्क’ निवडा, म्हणजे अनोळखी माणूस मुलाला कुठल्याही ग्रुपमध्ये ओढू शकणार नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावा. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५पासून भारतात किशोरांची वेगळी खाती आणली आहेत: ती आपोआप खासगी राहतात, ओळखीबाहेरचे संदेश अडवतात आणि सोळाच्या आतल्या मुलाला हे निर्बंध सैल करायला पालकांची परवानगी लागते. अर्थात मुलाने खरं वय लिहिलं असेल, तरच. खोटं वय टाकून उघडलेल्या खात्याला यातलं काहीच संरक्षण नसतं, हे मुलाला स्पष्ट सांगा. लहानग्यांसाठी यूट्यूब किड्स वेगळं आहे.

कुणी धमकावलं, फोटो मागितले, पैसे मागितले, तर मूल पहिल्यांदा तुमच्याकडे येईल असं वातावरण घरात ठेवा. ‘फोन काढून घेईन’ या धाकाने मुलं नेमकी हीच गोष्ट लपवतात. पुरावा पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठीची १९३० हे दोन क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवण्याजोगे आहेत.

एवढं झालं की रोजच्या वापरासाठी तीन प्रश्न उरतात आणि ते मुलाला स्वतःला विचारता आले पाहिजेत. पडद्यापलीकडे कोण आहे, हे मला खरंच माहीत आहे का? आम्ही मिळून काही करतोय, की मी नुसतं बघतोय? आणि हे मी आई-बाबांसमोर करू शकेन का? तिन्हींची उत्तरं पटण्यासारखी असतील, तर मुलाला बिनधास्त जोडू द्या. नसतील, तर फोन हिसकावण्याआधी शेजारी बसा आणि ते काय पाहतंय, कुणाशी बोलतंय, हे त्यालाच समजावून सांगायला लावा. मुलाच्या जाळ्यातली सगळ्यात भरवशाची ओळख तुमची असली पाहिजे, आणि ती कुठलंही ॲप सुचवणार नाही.